शेवटच्या कडव्याला दाराकडे वळलो तेव्हा

स्टॉकहोम, रविवार

बाळ ब्लुमा हिला ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. खोकला आहे थोडा, पण तो इकडे सालोकडे येताना गाडीतच लागला. तुझा गुडघा काय म्हणतो? ती खारवलेली हेरिंग मासळी संपवलीस का?

अगं, शुक्रवारी सिनेगॉगमध्ये शब्बाथची संध्याकाळची प्रार्थना आपल्या सालोच्या तिर्साने पुढे उभं राहून गायली. आपल्या बाबांच्या चालीवर. सालो मात्र हटून बसलेला. "आई, पोरीने पुढे उभं राहायचं? मी सिनेगॉगची पायरी चढणार नाही." बाप-लेक महिनाभर बोलत नव्हते. मी म्हटलं, "घोड्या, ती तुझ्यापेक्षा सुरात गाते, ते दुखतंय तुला." सूप भुरकत बसला.

पोर गात होती, पण डोळे बापाच्या रिकाम्या जागेवर. माझा जीव तुटत होता. शेवटच्या कडव्याला विसाव्याचा शब्बाथ दिवस राणी होऊन येतो म्हणून तिच्या स्वागताला आपण दाराकडे वळून वाकतो ना, तसे सगळे वळलो, तर दार उघडून आत आला सालो. टोपीवर बर्फ, आणि समोर साठ माणसं वाकलेली. गोंधळून त्यानेही वाकून नमस्कार केला.

शेजारचा म्हातारा याकोब म्हणाला, "यंदा राणीला दाढी आली वाटतं."

तिर्साला हसू फुटलं आणि सूर तुटला. सगळे थबकले. तेव्हा सालोनेच दारातून पुढची ओळ उचलली, आणि लेकीने ती त्याच्याकडून घेतली.

घरी येताना दोघं पुढे चालली होती, ओळ कोणी चुकवली यावरून भांडत. मी मुद्दाम सावकाश चालले.

तब्येतीला जप, आणि लगेच लिही.

तुझीच,
हेड्डाताई