राऊटर हातात की टेबलात

३ फेब्रुवारी १९८३
बाबांचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, रंधा आता विसरा. कन्हानच्या वाचनालयाचं काम अर्धवट पडलंय – सागवानी दारं, काचेची कपाटं. उद्घाटनाआधी झालं नाही तर दुसऱ्याला देणार. मी म्हटलं, वर्कशॉप मी चालवते. बाबा म्हणाले, "पोरीच्या हातानं दारं होत नाहीत."

५ फेब्रुवारी
सीताबर्डीच्या एका दुकानात राऊटर पाहिला. विजेवर गरगर फिरणारं पातं – लाकडात खाच पाडतं, कडेला गोलाई देतं. बाबांना रंधे बदलून बदलून अख्खा दिवस लागतो ते काम.
दोन होते. मोठा दणकट, पण नुसता उचलून धरला तर मनगटं भरून आली. दुकानदार तोच खपवत होता. "यासंग टेबल घ्याच लागते, ताई." टेबलाखाली राऊटर उलटा बसवायचा, पातं वर, आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. मी विचारलं, एवढं मोठं दार कसं सरकवू? तो हसला.
लहान घेतला. टेबल नाही.

९ फेब्रुवारी
दारं झाली! बाकांवर आडवी टाकली, राऊटर दोन्ही हातांनी धरून कडेकडेनं नेला. गोलाई अशी उतरली की पॉलिश पेपर फिरवायचं जिवावर आलं.

११ फेब्रुवारी
कपाटांच्या काचा धरणाऱ्या पट्ट्यांनी रडवलं. इतक्या अरुंद की राऊटर टेकायलाच जागा नाही – डुगडुगतो. एक पट्टी उडून भिंतीवर आदळली. बाबा दारात उभे. "काहून जीव घालून राहिली वं?"
टेबल लागतंच. दारांना नाही, पट्ट्यांना. दुकानदार अर्धा खरा, मी अर्धी.

१२ फेब्रुवारी
टेबल घरीच केलं. जाड प्लायवूड, मधे भोक, खालून राऊटर पक्का आवळला. बाजूला सरळ लाकडी आडोसा, त्याला टेकवली की पट्टी हलत नाही. ढकलायला लाकडी दट्ट्या – बोटं पात्यापासून दूर. दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या निघाल्या, एकसारख्या. मी एकटीच हसत होते.

२० फेब्रुवारी
काम पोचलं, वेळेत. वाचनालयाच्या चारुशीलाबाई दारावरून हात फिरवत राहिल्या. "कोणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, "माह्या पोरीनं."
कळमेश्वरच्या शाळेचं कामही आम्हालाच.

२१ फेब्रुवारी
सकाळी बाबांनी वर्कशॉपची किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "टेबलावर खांद्याले जोर लागत नाही. मले कामावर ठेवशील का वं?"