उतारावर दुसरा गिअर

३ मार्च

बढती मिळाली! घाटापलीकडच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख — मी! आजवर रिपोर्ट माझे आणि सही दुसऱ्याची, असा मामला होता. आता दोन्ही माझं. महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा.

अडचण एकच. रोज घाट उतरून जायचं, चढून यायचं. बस आहे, पण ती स्वतःच्या मर्जीची मालकीण. म्हणजे गाडी हवी. म्हणजे चालवणार मी.

आमची स्वारी चहात बिस्कीट बुडवून म्हणाली, "घाट म्हणजे पोरखेळ नाही. तुला नाही झेपायचा." तेवढ्यात बिस्कीट तुटून कपात पडलं. घाट झेपणारे हात ते हेच!

लायसन्स मी हिवाळ्यातच काढलंय. पण मी चालवायला बसले की हे शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतात. पायाखालची चटई झिजली बिचारी.

८ मार्च

हमरस्त्यावर पुढचं चाक फुटलं. चालवत होते मी. फाट्कन आवाज, आणि गाडी बाजूला ओढायला लागली.

"ब्रेक! ब्रेक मार!" — स्वारी.

नाही मारला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमनी तासभर ओरडून डोक्यात भरलंय — टायर फुटला की आधी स्टिअरिंग घट्ट, पेडलवरचा पाय वर, गाडी आपोआप मंदावू द्यायची. तशी मंदावली. चारही इंडिकेटर लावले, रस्त्याच्या पार कडेला घेतली. सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं केलं. सगळे म्हणजे हे एकटेच, पण कुरकुर चौघांची. लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला.

"तू बाजूला हो, हे बायकांचं काम नाही," म्हणत यांनी जॅक लावून गाडी उचलली. मग नट फिरवायला गेले, तर नटाबरोबर चाकही गोल गोल! आकाशपाळणा नुसता! मी काही बोलले नाही. (बोलले. "तिकीट किती?" एवढंच.) गाडी खाली घेतली, चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग पुन्हा उचलली. चाक बदललं. मी!

९ मार्च

नखं काळी. ऑफिसात मुद्दाम हात हलवत बोलले.

१५ मार्च

भर दुपारी सिग्नलला इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला. "वेड लागलंय का? भाजून काढतेस!" अहो, इंजिनची उष्णता बाहेर काढायची तर ती कुठूनतरी निघणारच ना. आपल्या अंगावरून निघाली. पुढे सावली बघून थांबले, इंजिन बंद केलं.

बॉनेटमधून वाफ. हे फडकं घेऊन निघाले रेडिएटरचं झाकण उघडायला!

"अहो, हात लावाल तर तोंड भाजेल. आणि मग मला रोज पातळ भात करावा लागेल."

भाताच्या धास्तीने थांबले. गार होईपर्यंत बसून राहिलो. नंतर रेडिएटरच्या टाकीत पाणी घातलं, गॅरेज गाठलं. पाइप चिरला होता.

"नशीब चांगलं," म्हणाले. हो तर! नशीब म्हणजे मी.

२१ मार्च

 आज सगळं लिहिणार.

प्रयोगशाळेची जागा बघायला निघालो. सासूबाई मागे. घाट आला तशी स्वारी म्हणाली, "उतर, आता मी घेतो." या घराण्याची एक रीत आहे — उतार लागला की गाडी न्यूट्रल! सासऱ्यांनी सुरू केली. पेट्रोल वाचतं म्हणे. त्यावर या घरात कुणी ब्र काढत नाही. मी काढला. "मॅडम म्हणतात, न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो."

"तुझ्या मॅडम जन्मल्या नव्हत्या तेव्हापासून उतरतोय."

निम्म्या घाटात करपल्यासारखा वास. मग यांचा चेहरा पांढरा. "अगं... पाय खाली जातोय. ब्रेक लागत नाहीये."

आणि हात गेला किल्लीकडे!

"किल्लीला हात नाही! स्टिअरिंग अडकेल! गिअर टाका — तिसरा!"

यांचं काही हलेना. मागून सासूबाई कडाडल्या, "बाळ्या, तिचं ऐक!"

पन्नाशीच्या बाळ्याने ऐकलं. तिसरा. इंजिन किंचाळलं. "आता दुसरा! डोंगराच्या बाजूला ठेवा! हॉर्न सोडू नका!" हँडब्रेक मी घेतला, बटण दाबून ठेवून, हळूहळू, थोडा थोडा. एकदम ओढला असता तर गाडी भेलकांडली असती. वळण गेलं. आणखी एक गेलं. पुढे कडेला खडीचा ढीग होता, त्यात नाक खुपसून गाडी थांबली.

 मग सासूबाई, "याचे वडीलही असेच. पेट्रोल वाचवायचे, माणसं नाही."

स्वारीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं होतं. टोमणा जिभेवर आला होता, पण गिळला. खांद्यावर हात ठेवला. खांदा गदगदत होता.

२२ मार्च

ब्रेक ऑइल उकळलं होतं. नवं घातलं, पॅडही नवे. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "माझ्या सुनेने थांबवली." सून! एरवी 'ही' असते.

२७ मार्च

एकटी उतरले. एकटी! दुसऱ्या गिअरमध्ये, मुंगीच्या चालीने. मागचे हॉर्न मारत होते, मारू देत. पायथ्याशी थांबून मोठ्याने ओरडले. एक गाय दचकली. तिथूनच फोन करून होकार कळवला.

घरी आले तर हे दारात. "आलीस?" एवढंच.

३० मार्च

प्रयोगशाळेतल्या कारकुनाचा फोन. "मॅडम, वरच्या खोल्या रंगवून घेऊ ना? राहायची सोय आहेच. तुमच्या घरी पहिला फोन केला तो साहेबांनी घेतला, त्यांना सांगितलं होतं."

म्हणजे रोजच्या घाटाची गरजच नव्हती. आणि यांना माहीत होतं!

विचारलं. कप विसळत होते, मान वळवली नाही. "तिकडेच राहिली असतीस."

कारकुनाला सांगितलंय, खोल्या नकोत, मी रोज घरी येणार. यांनाही सांगेन. उद्या. नाही, परवा.