भिकाचं नाक

६ जानेवारी १९८८
इंदू आज माहेराहून आली, पोरीला घेऊन. कुंभवलीच्या खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या पोर माझ्या तोंडाशी धरली. "टाळूचा वास घ्या की! कसा दुधाचा येतो!" मी नाक खुपसलं. काही नाही! "येतो, येतो," म्हणालो. लेक घरी आली त्या पहिल्याच दिवशी खोटं बोललो.

८ जानेवारी
दिवाळीपासून नाक मेलंय. सांगायची सोय नाही. आमच्या प्लांटवर गॅस सुटला की सडक्या अंड्याचा वास येतो — तोच आमचा भोंगा. आमच्यातल्या चिंधूने मागे सुपरवायझरला खरं सांगितलं, "साहेब, वास कळत नाय." आठवड्यात गेटबाहेर. हरिश्चंद्राचा अवतार मोठा! मी गप्प बसलोय.

१५ जानेवारी
माझी युक्ती साधी. पंपावर आम्ही दोघंच — मी आणि भिका. त्याच्यावर नजर ठेवायची. तो डोंगरातला, रानात वाढलेला. त्याचं नाक म्हणजे काय सांगावं! त्याने फडकं तोंडाला लावलं की मी लावतो. कधी डोळे चुरचुरले की मीच आधी ओरडतो, "लई घाण सुटली रे!" कुणाला संशय नको. "हां नागोराव, लई हाय," म्हणत तोही लगेच पळतो. भला माणूस.

२ फेब्रुवारी
इंदूने लसणाची फोडणी दिली. नुसता चर्र आवाज. जेवताना उगीच तिच्यावर खेकसलो. बिचारीचं काय चुकलं?

१९ फेब्रुवारी
आज चहाच्या टपरीवर भिकाला सगळं सांगणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. तोही काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. मग दोघंही चहा पीत बसलो. बातमी फुटली तर? पोर अजून बसायलासुद्धा लागली नाही.

१७ मार्च
पोरीला ताप. रजा टाकली.

१८ मार्च
भिका गेला. काल पंपाजवळ एकटाच होता, तिथंच सापडला. सुपरवायझर म्हणतो, दहा मिनिटं तरी गॅस सुटत होता. दहा मिनिटं! एवढं तिखट नाक, आणि हा बसून राहिला कसा? माझं डोकंच चालत नाही. मी असतो तर मीही गेलो असतो, असं इंदूला म्हणालो. तिला का ते नाही सांगितलं.

२८ मार्च
भिकाच्या पाड्यावर जाऊन आलो. त्याची बायको नवसी ओट्यावर बसली होती. मला राहवलं नाही. विचारलं, त्याचं नाक एवढं तेज, मग पळाला कसा नाही?

ती म्हणाली, "नाक? त्याला दोन वरसं वास नाय येत. कोणाला बोलला नाय. मला बोलायचा, नागोराव हाय ना संगती, त्याला पहिला कळतो. तो पळला का मी पळतो."

मग म्हणाली, "त्या दिवशी तुमी नव्हते काय?"