झिटाचा बारावा चौकोन

लेबनन, केंटकी
९ ऑक्टोबर १९५७

चि. झिटास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईला गुरुवारी माती दिली. फादर प्रार्थना म्हणत होते तेव्हाही माझं लक्ष फाटकाकडे होतं. तुला तार उशिरा मिळाली असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

काल तिची कपड्यांची पेटी उघडली. तुझ्या लग्नाची गोधडी अजून तशीच, न जोडलेली, सुटी. तीन पट्ट्यांचे चौकोन, मधली पट्टी गडद. तुम्ही दोघींनी बारा-बारा शिवले होते; आता आईचे अकरा आहेत, तुझेही अकरा. तुझ्या सगळ्या शिवणींची मागची दुमड फिक्या कापडाकडे वळवलेली. शाळेत सिस्टर अल्फोन्सा पट्टीने बोटं बडवायच्या तरी तू सुधारली नाहीस. गडद कापडाकडे दाबायची, म्हणजे दुमड वरून दिसत नाही, एवढं साधं.

आईचा राग मात्र शेवटपर्यंत गेला नाही बघ. उन्हाळ्यात मी ते चौकोन काढले तर म्हणाली, "तिच्या तुकड्यांना इस्त्री लावू नकोस." हातही लावू दिला नाही. आता रागवायला कोण आहे? पाणी शिंपडून, इस्त्री फिरवून तुझे अकराही गडदाकडे वळवून सरळ करून ठेवलेत. जोडून पाठवीन.

वॉल्टरना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझी,
ओडीलिया

डेट्रॉइट
२० ऑक्टोबर

ती. ओडीलियाताईस सा. न. वि. वि.

तार वेळेवर मिळाली होती. खोटं बोलल्याचं पाप तुझ्या माथी नको, म्हणून लिहिते. तिकीट काढलं, काळा कोट घातला, बसमध्ये बसलेसुद्धा. वाटेत सिनसिनाटीला उतरले आणि परतीच्या बसमध्ये चढले.

वॉल्टरशी, घटस्फोट झालेल्या माणसाशी, लग्न करते म्हणून घर सोडलं, त्या दिवशी आई फाटकात उभी होती. "गेलीस तर तुझं शिवलेलं एकेक उसवीन," म्हणाली. चौदा वर्षं झाली. तिला नको असलेली मुलगी तिच्या शवपेटीपाशी कशी उभी राहणार?

माझा बारावा चौकोन तिने उसवलाच असेल. तिथूनच सुरुवात केली असेल. उरलेले सरळ केलेस ते बरं झालं. एवढंच सांग, ताई, आजारपणात एकदा तरी माझं नाव घेतलं का? नसेल तर तसंच लिही. माझी समजूत काढू नकोस.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
झिटा

लेबनन
४ नोव्हेंबर

चि. झिटास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाव घेतलं नाही. तू खरं मागितलंस म्हणून खरं लिहिते. पण पुढचंही वाच.

रविवारी चर्चमधून मिसा आटोपून आल्यावर चौकोन जोडायला बसले. आईचा एक, तुझा एक. प्रत्येक जोडावर गाठ. दोन्हीकडच्या दुमडी एकाच बाजूला येऊन एकमेकींवर चढत होत्या. दोनदा उसवलं. मग वाटलं, सुई बदलून बघावी, म्हणून आईची रफूची टोपली घेतली. तिच्या तळाशी तुझा बारावा सापडला.

उसवलेला नाही, झिटा. आईच्या बाराव्या चौकोनाला जोडलेला. टाके मोठे, वाकडे, म्हणजे डोळे गेल्यानंतरचे, याच वर्षीचे. मी जोडावरून अंगठा फिरवला तर गाठ नाही. तिची दुमड गडदाकडे, तुझी फिक्याकडे. एक खाली, एक वर, अशा अडकून बसल्यात की जोड कुठे आहे ते बोटाला कळत नाही. तुझी शिवण तिने मुद्दाम तशीच ठेवली होती. आणि मी तिचं सांगणं राग समजून इस्त्री तापवली.

आता अकराही उलट दाबून बघितले. वळतात, पण जुन्या कापडावर माझ्या इस्त्रीची रेघ राहिली आहे. ती जात नाही. मला क्षमा कर.

तो जोड या पत्रासोबत पाठवते आहे. डोळे मिटून त्यावर हात फिरव. बाकीचे मी जोडणार नाही. इस्त्री माळ्यावर टाकली आहे. आई नखानेच दाबायची, तूही तशीच दाबायचीस. नाताळला ये, वॉल्टरनाही घेऊन ये. आईची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे, समोर माझी. तुझे अकरा तुझ्या हाताने वळव.

वाट पाहते. या वेळी मात्र सिनसिनाटीला उतरून मागे वळू नकोस.

तुझी,
ओडीलिया