खोली हवीहवीशी

३ एप्रिल १९७८, सोमवार
आजपासून रोजनिशी. लॉजच्या प्रगतीची नोंद राहावी.

लालसाब आज गेले. गुलबर्ग्याचे चादरींचे व्यापारी, अकरा वर्षं दर महिन्याला येतात आणि चार नंबरच उघडून मागतात. गिऱ्हाईक कसले, मित्रच. जाताना रजिस्टरात रिमार्क लिहून गेले. अक्षर गिचमिड, त्यांचं शिक्षण उर्दूत. 'खोली' कळतं, पुढे 'हवा हवी' की 'हवी हवी' असं काहीतरी. म्हणजे हवीहवीशी. घाईत 'शी' राहून गेली. डोळ्यांत पाणी आलं.

समोर दिवाळीत नवीन लॉज झालं, तेव्हा मी रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या खिळे मारून बंद केल्या. समोरचं दिसलंच नाही तर गिऱ्हाइकाला मोह कसला? ती अक्कल कामी आली, हे या रिमार्कने सिद्ध झालं.

६ एप्रिल, गुरुवार
सोमलिंग पेंटरकडून दारावर बोर्ड: 'खोली हवीहवीशी'. राहिलेली 'शी' मी पदरची घातली. जागा पुरली नाही म्हणून ती खालच्या ओळीत एकटी आली, जरा मोठी. उठून दिसते. समोरच्या टपरीवर लोक बोर्ड वाचून हसत होते. पब्लिसिटी सुरू झाली.

१० एप्रिल
दोन नंबरचा पाहुणा पहाटेच गेला. डोकं दुखतं म्हणाला. सोलापूरचं ऊन बाहेरच्यांना झेपत नाही.

विजयमाला म्हणाली, खिडक्या उघडा. बायकोला धंद्यातलं काय कळतं? संकल्प: घरात धंद्याची चर्चा बंद.

१४ एप्रिल
वास येतो अशी तक्रार. ताबडतोब उपाय केले. सकाळी फिनेल, दुपारी ऊद, संध्याकाळी पुन्हा फिनेल. दारं लावून घेतली, वास फुकट जायला नको. झाडणारी काशम्मा खोकत बाहेर आली. म्हणाली, जीव गुदमरतोय, खिडकी उघडा की मालक. वय झालं बिचारीचं.

२२ एप्रिल
लालसाब पहिल्या तारखेला येणार. चार नंबरला गुलाबी डिस्टेंपर मारला, खास त्यांच्यासाठी. नवी गादी. दार बंद ठेवलंय, नवेपणा टिकला पाहिजे.

२ मे, मंगळवार
लालसाब आले नाहीत. आजारी असतील. पत्र टाकावं.

दुपारी काशम्मा म्हणाली, ते कालच आलेत, समोरच्या लॉजात हायत. विश्वास बसेना. बघायचं तर खिडक्या ठोकलेल्या. शेवटी चार नंबरचे खिळे मीच पक्कड लावून उपसले. समोर वरच्या मजल्यावर, सताड उघड्या खिडकीत, बनियनवर लालसाब. चहा पीत होते.

अकरा वर्षं! गुलाबी डिस्टेंपर! मनुष्यजातीवरचा विश्वास उडाला.

उघड्या खिडकीतून जरा वारा आला, बरं वाटलं. पण तत्त्व म्हणून पुन्हा खिळे ठोकले.

३ मे
संकल्प: या माणसाशी जन्मात बोलायचं नाही.

४ मे, गुरुवार
बोलायला गेलो.

चांगलं सुनावायचं ठरवलं होतं. त्यांनी उठून खुर्ची दिली, अर्धा चहा बशीत ओतून पुढे केला. म्हणाले, दमा आहे, वीस वर्षांचा. मी म्हटलं, मला कधी बोलला नाहीत. म्हणाले, तोंडावर जीभ उचलेना, म्हणून रजिस्टरात लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलं?

"'खोलीत हवा हवी' असं लिवलं होतं की मी, मालक."

मी चहाची बशी खाली ठेवली.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "या खेपेला पिशवी घेऊन तुमच्याच दारात आलो. वर बघतो तर माझंच वाक्य, त्याला 'शी' लावून टांगलेलं. वाटलं, अकरा वर्षांच्या दोस्तानं दम्याची चेष्टा केली. लई वाईट वाटलं."

मी तसं नाही, तसं नाही म्हणत होतो. नक्की कसं, ते मलाही सांगता आलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात याल का विचारलं. बघू म्हणाले.

५ मे, शुक्रवार
खात्री करावी म्हणून दुपारी चार नंबरात दार लावून झोपलो. वीस मिनिटं. फिनेल, ऊद, डिस्टेंपर, मी. धापा टाकत रस्त्यावर आलो. वर विजयमाला आणि काशम्मा मला न विचारता खिळे उपसत होत्या. ओरडायला गेलो. दमच नव्हता.

सोमलिंगला बोलावून म्हटलं, बोर्ड पूस. शिडीवर चढून त्याने विचारलं, सगळा का नुसती 'शी'?

म्हटलं, 'शी' राहू दे आजच्या दिवस. बाकीचं पूस.