वीणेचा पहारा

॥ श्री ॥
ता. कर्जत
श्रावण वद्य द्वादशी, शके १९४७

चि. रंगनाथ यास पुंजारामचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. काल्याची पंगत पार पडली, मंडप उतरला, बाजरी निसवली आहे. क्षेमकुशल एवढ्यावरच थांबवतो. हे पत्र संतापाने लिहीत आहे, आणि संतापाला लांब प्रस्तावना शोभत नाही.

सप्ताह समितीचा अध्यक्ष म्हणून तू श्रीगोंद्यास बसून निरोप धाडलास, की झुंबरबाईने सप्ताहात वीणा गळ्यात घातली, सबब रविवारच्या बैठकीत तिने देवळाच्या पायरीवर नाक घासून माफी मागावी. अन्यथा पुढे तिला मंडपात पाऊल ठेवू देऊ नये. कुणीतरी मोबाईलवर टिपलेले चित्र पाहून तू हा न्याय केलास. वर वीणा गोमूत्राने धुवायला लावलीस. अरे, जिच्या संगतीने सात दिवस अहोरात्र भगवंताचे नाम चालले, ती वीणा ऊस तोडणाऱ्या एका बाईच्या स्पर्शाने विटाळते, हे कोणत्या शास्त्रात वाचलेस? 'सर्वांभूती भगवंत' म्हणताना तुझा आवाज माझ्याहून मोठा असतो.

पारावर आबासाहेब म्हणाला, "आता ही कोयता ठिवून कीर्तनच करील." सारे हसले. मी तेथेच बसलो होतो.

सप्ताह बसल्यापासून उठेपर्यंत वीणा भुईला टेकू नये, नाम खंडू नये, म्हणून आपण पहारे लावतो. त्या दुपारी पहारा कुणाचा होता, हे तू विचारले नाहीस. कुणीच विचारले नाही.

काल झुंबरबाई ताक न्यायला आली. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी काय घडलं ते तू लोकांना सांगत का नाहीस?"

"काय सांगू, बुवा? तुमी खांबाला टेकून घोरत हुता म्हनून? लई मोठ्यानं घोरत हुता पर." ती हसली. मग पदर सावरून म्हणाली, "तुमी बोलाल म्हनून मी गप ऱ्हायले."

रंगनाथ, आमटी-भाकरीची पंगत उठली होती, मंडपात सामसूम होती. नाम थांबले हे ऐकले फक्त पत्रावळी उचलणाऱ्या तिने. माझ्या गळ्यातली वीणा भुईकडे कलली होती. तिने ती अलगद सोडवून आपल्या गळ्यात घेतली आणि नाम उचलले. मला जाग आली तेव्हा वीणा माझ्या स्वाधीन करून ती माझ्या पाया पडली. घेणाऱ्यानेही देणाऱ्याच्या पाया पडावे, ही आपली रीत. मी पडलो नाही. नामात बाईचा आवाज ऐकून लोक जमले होते, "बुवा, काय झालं?" म्हणाले. "पांडुरंगाची इच्छा," मी म्हणालो. जन्मभर ज्याचे नाम घेतले, त्याच्याच आड मी लपलो.

या पत्राआधी तुझ्यावर चिडून लिहिलेली पाने फाडून टाकली. तुला विचारलेला प्रत्येक प्रश्न फिरून मलाच गाठत होता. तरी तुझ्यावरचा राग गेलेला नाही. आता तो आपण दोघांनी वाटून घ्यायचा आहे. पोथी मी इतकी वर्षे इतरांना वाचून दाखवली. ती आपल्यालाही सांगितलेली आहे, हे समजायला एका ताक न्यायला आलेल्या बाईचे हसणे लागले, याची चीड अधिक आहे.

रविवारी पायरीवर माफी मागितली जाईल. ती मी मागेन, झुंबरबाईची, आणि राहिलेला नमस्कार तिथेच साऱ्या गावासमक्ष करीन. पुढील सप्ताहात वीणेचा पहिला पहारा तिचा लागेल. समितीस हे मान्य नसेल तर व्यासपीठावर दुसरा वाचक बसवा.

तू लवकर ये. या वयात पायरीवर वाकताना मला कुणीतरी धरावे लागेल. तो हात तुझा असावा, ही इच्छा पांडुरंगाची आहे की नाही ते मला ठाऊक नाही. माझी आहे.

तुझा थोरला भाऊ
पुंजाराम