पस्तीस टक्क्यांत नापास

ति. दाजींना,

जाफराबादहून अप्पारावचा सविनय जयभीम. (फोनवर आपण मधेच तोडता, म्हणून पत्र.) आपला उजवा गुडघा आता कसा आहे? ताईला गोडाचं पथ्य पाळायला सांगा. ती पाळणार न्हाई, तरी सांगा. ‘इकडे आम्ही सर्व ठीक आहोत’ असं पुढं लिहायची पद्धत आहे. पण ह्याच वाक्यानं परवा आमचा घात केला, म्हणून ते मुद्दाम गाळलं आहे.

आपल्या धाकट्या मेव्हण्याचं, राजानंदचं, दुखणं आपल्याला ठाऊकच आहे. कानात माणसं बोलतात, पंधरा-पंधरा दिवस अंगाला पाणी लावू देत न्हाई, आणि माझ्या दुकानात बसवलं तर गिऱ्हाइकाला विचारतो, तुम्हाला कोणी पाठवलं? तर मनाच्या आजारालाही अपंगत्वाचा सरकारी दाखला मिळतो, आणि त्यात चाळीस टक्के भरले की निराधार योजनेचा महिन्याचा पगार चालू होतो, हे मी स्वतः वाचून काढलं. (मोटार वायंडिंगसुद्धा मी जळक्या मोटारी उसवून स्वतःच शिकलो, हे तालुका जाणतो.) अर्जही मीच भरला, वर सायबर कॅफेवाल्याच्या चुका काढल्या. माय सत्तरीला आली. तिच्यामागं ह्या माणसाच्या गोळ्या-भाकरीचा काही पक्का बंदोबस्त पाहिजे, म्हणून ही धडपड.

तपासणीची तारीख आली आणि मायनं नको ते सगळं केलं. परक्यासमोर लेकराची बाजू राखायची ही तिची जन्माची सवय. दहा वर्षं तिनं गल्लीत ‘राजाला उष्णता हाय’ एवढ्यावर भागवलं. तर त्या दिवशी सकाळी तिनं त्याला धरून अंघोळ घातली, न्हावी घरी बोलावून दाढी करवली, डोक्याला तेल चोपडलं आणि माझा इस्तरीचा पांढरा शर्ट चढवला. मी पाहून राह्यलो, समजूनही राह्यलो, पण मायपुढं बोलायची आपल्यापैकी कोणाची छाती आहे? जालन्याच्या जीपमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, “पोराचं कुठं जमलं का न्हाई आजून?”

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात आत डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. तरुण, पण शांत. त्यांनी विचारलं, अंघोळ स्वतः करतो का? माय म्हणे, “रोज! वासाच्या साबणानं.” माणसांत मिसळतो का? “अख्खी गल्ली जीव टाकती त्याच्यावर.” कामधंदा? “थोरल्याचं दुकान त्योच तर सांभाळतो.” (दाजी, माझं दुकान!) बाहेर बाकावर राजानंदनं मला सांगितलं होतं की छताचा पंखा त्याचं नाव घेऊन राह्यला. आत मात्र हात जोडून म्हणतो, “मी बरा आहे मॅडम, तुमचं जेवण झालं का?”

तरी मी होतो. दहा वर्षांच्या डॉक्टरी चिठ्ठ्या तारीखवार लावून काखेत धरल्या होत्या. पण बाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, याला साधा हिशेब समजतो का? तो ‘साधा’ माझ्या डोक्यात गेला. म्हणालो, मॅडम, याच्याएवढं डोकं आमच्या खानदानात न्हाई. बारावीला केंद्रात पहिला आल्ता. पान एकदा वाचलं की पाठ. मला इंग्रजी अक्षरं यानं शिकवली (हे मी दुकानात सांगत न्हाई). मी बोलत गेलो, बाई लिहीत गेल्या, माय मान डोलवत बसली. काखेतल्या चिठ्ठ्या काखेतच राह्यल्या.

पस्तीस टक्के. एवढ्या मार्कांवर शाळा पोराला वरच्या वर्गात घालते, सरकार नापास करतं! कारकुनाला म्हटलं, बेरीज पुन्हा करा. त्यानं केली, बराबर होती. मायला निकाल समजला तो असा, की लेकरू पासष्ट टक्के चांगलं आहे. तिनं स्टँडवर पेढे घेतले आणि परतीच्या जीपमध्ये ड्रायव्हरसकट सगळ्यांना वाटले. आमचा पगार बुडाल्याचा पेढा मीपण खाल्ला. तेव्हापासून राजानंद तो शर्ट काढू देत न्हाई आणि भिंतीकडं तोंड करून बसला आहे. आता या म्हणावं डॉक्टरीणबाईंना, विचारा काय ते.

आपला मेव्हणा,
अप्पाराव

ता.क. फेरतपासणीचा अर्ज टाकला आहे. निघताना बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी घरातला असा माणूस आणा जो याचं कौतुक करणार नाही. घरी येऊन हे सांगितलं, तर माझ्या आणि बायकोच्या तोंडून एकदम आपलंच नाव निघालं. राग नसावा. आमच्या लग्नाच्या मांडवात, माझ्या सासऱ्यांदेखत, आपण माझ्याविषयी जे बोललात, ते ती अजून तोंडपाठ म्हणून दाखवते. तसंच जालन्याला येऊन बोलावं, एवढ्यासाठी हे पत्र. मायला त्या दिवशी आपल्या घरी धावड्याला ताईकडं ठेवू.

ता.क. दुसरा. वरचं राजानंदनं माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणतो, “दाजी कशाला? तूच बोल ना दादा. त्या दिवशी लई चांगलं बोलला तू. घरी तर कधी बोलत न्हाई.” दाजी, आपण याच. त्याला ऐकायचं ते मी जीपमध्ये जालन्यापर्यंत बोलत राहीन. दवाखान्याच्या दारापासून पुढं आपण सुरू करा.